छप्पर कोणाचे उडते?

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

वादळ हा समुद्रकाठच्या लोकांचा प्रश्न, आपला प्रश्न पुराचा आणि दरडीचा, अशी समजूत आपल्या दोन तालुक्यांत वर्षानुवर्षे रूढ होती. ३ जून २०२० रोजी ती मोडली. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा तो वारा किनाऱ्यावर थांबला नाही. म्हसळा, तळा, माणगाव ओलांडून त्याचा तडाखा महाड-पोलादपूरपर्यंत पोहोचला. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला. साथीच्या टाळेबंदीमुळे मुंबईतील चाकरमान्याची मजुरी बंद पडलेली. अशा वेळी गावाकडच्या घरावरचे छप्पर गेले.

वारा सर्वांवरून सारखाच वाहतो, परंतु घरे सारखी पडत नाहीत. ज्याच्या डोक्यावर स्लॅब होता त्याची तावदाने फुटली. ज्याच्या डोक्यावर जुनी कौले होती किंवा चार खिळ्यांवर ठोकलेले पत्रे होते, त्याचे धान्य भिजले, अंथरूण भिजले आणि मुलांची दप्तरेही भिजली. कातकरी वाडीतल्या कुडाच्या झोपडीविषयी तर बोलायलाच नको. हा भेद निसर्गाने केलेला नाही. तो आपल्या समाजरचनेने आधीच करून ठेवला होता. वादळाने तो उघडा पाडला, इतकेच.

आता थोडे शास्त्र. वादळात छप्पर वरून दाबले जाऊन मोडते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात वारा छप्पर उचलतो. पाख्यावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतो. त्यातच एखादे दार किंवा खिडकी उघडली, तर आत शिरलेला वारा खालूनही रेटा देतो. म्हणून घराची खरी परीक्षा सांध्यांची असते. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला घट्ट बांधलेली हवी. या साखळीतील एक कडी सुटली की बाकीच्या कड्यांची मजबुती व्यर्थ ठरते. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, त्यात रोवलेले बोल्ट, वासा जखडणारी लोखंडी पट्टी आणि पत्र्याला खिळ्याऐवजी चकतीसह आकडीचा बोल्ट, एवढ्याने फार मोठा फरक पडतो. एका खोलीच्या संपूर्ण खर्चात या वस्तूंचा वाटा अगदी लहान असतो.

आपल्या पूर्वजांनाही हे काही अंशी ठाऊक होते. चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा वाऱ्याला चांगले तोंड देते आणि पाख्याचा उतार २२ ते ३० अंशांच्या दरम्यान असला तर ओढ कमी बसते, असे आजचे अभियंते सांगतात. चौपाखी घर कोकणाला परके नाही. मात्र एक अडचण आहे. आपल्या पावसाला लांब वळचण हवी आणि वादळाला आखूड. यावर उपाय असा की पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे ठेवावे. पडवी गेली तरी माजघर शाबूत राहील.

हे ज्ञान गुप्त नाही. भारतीय मानक ब्युरोने वादळप्रवण भागातील कमी उंचीच्या घरांसाठी २००४ सालीच मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले आहे. प्रश्न असा आहे की ते वाडीवरच्या गवंड्यापर्यंत आणि सुतारापर्यंत का पोहोचले नाही? निसर्गनंतर राज्य शासनाने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत सुमारे ९५ हजारांवरून दीड लाखावर नेली. ती योग्यच होती. परंतु घर पडल्यावर लाख-दीड लाख देणारे शासन, घर बांधताना बोल्ट आणि पट्ट्या यांची विचारपूस करीत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या घरकुल योजनेत डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजारांचे अनुदान ठरले. बांधकामाच्या टप्प्यांवर छायाचित्रे घेऊन हप्ते सोडण्याची पद्धतही आली. मग छपराचे सांधे तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटणार नाही आणि त्या सांध्यांचा खर्च अनुदानात वेगळा धरला जाईल, असा नियम करण्यास काय हरकत आहे?

ओडिशाचे उदाहरण पाहा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे १० हजार माणसे दगावली. २०१९ च्या फनी वादळापूर्वी १० लाखांहून अधिक लोकांना हलविण्यात आले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. संघटित प्रशासन काय करू शकते, याचा हा पुरावाच होय. तरीही घरे लाखांनी मोडली. पूर्वसूचनेने माणूस वाचतो. घर वाचवायचे तर ते आधीच तसे बांधावे लागते.

परंतु साथींनो, आपल्या तालुक्यांत मजबूत छपराची गोष्ट येथेच संपत नाही. काँक्रीट म्हणजे सुरक्षितता, असे म्हणावे तर २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. देखरेखीशिवाय सिमेंटही फसवे ठरते. आणि जमीनच सुटली तर? २००५ च्या जुलैत दासगाव, जुई येथे. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत आणि पोलादपूरच्या केवनाळे, साखर सुतारवाडी येथे डोंगर खाली आला. एकट्या तळियेत ८० हून अधिक माणसे गाडली गेली. तेथे कोणता बोल्ट उपयोगी पडणार होता? तळियेच्या पुनर्वसनाची घरे म्हाडाकडे सोपविण्यात आली. ती हाती पडेपर्यंत कुटुंबांनी कंटेनरच्या निवाऱ्यात पावसाळे काढले. म्हणजे घराचा प्रश्न शेवटी जमिनीचा प्रश्न आहे. सपाटीची सुरक्षित जागा ज्याला परवडत नाही, तो उतारावर राहतो. ज्या कातकऱ्याच्या नावावर घराखालची जागाच नाही, त्याच्या अर्जाची वाट कागदावरच अडते.

तेव्हा आपण काय करावे? मृग लागण्यापूर्वी प्रत्येक वाडीतील छपरांची पाहणी करून यादी करावी. ती ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्यावा. गावच्या सुतार-गवंड्यांसाठी शिक्षणवर्गाची मागणी तहसीलदारांकडे आणि पंचायत समितीकडे नेटाने लावून धरावी. हे कारागीर तयार झाले तर गावाला बाहेरच्या ठेकेदाराची गरज उरणार नाही. दरडीच्या छायेतील वाड्यांसाठी, दुर्घटनेची वाट न पाहता, गावालगतची सुरक्षित जमीन मागावी आणि तिचा सातबारा स्त्री-पुरुष दोघांच्याही नावे व्हावा असा आग्रह धरावा.

२० मार्च १९२७ रोजी याच महाडात, सार्वजनिक पाणी ही कोणाची मेहेरबानी नसून माणसाचा हक्क आहे, हे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी कृतीने सांगितले. वादळात टिकणारे छप्पर आणि पायाखाली न सरकणारी जमीन यांची मागणी आपण त्याच भाषेत केली पाहिजे. नुकसानभरपाईच्या रांगेत उभे राहणे ही नाइलाजाची गोष्ट आहे; ती रांगच लागू नये, यासाठी पुढचा जून येण्याआधीचे महिने आपल्या हाती आहेत.