परके काय, आपले काय? जपानकडून घ्यावयाचा धडा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा विषय एका प्रश्नातून सुचला. आपल्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा चाकणच्या एका कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून लागला. डबा खाताना सोबत्याने त्याला विचारले, "तुमच्या विहारातली मूर्ती ब्रह्मदेशची, भन्ते जपानचे, मग तुमचं स्वतःचं असं काय?" मुलाला उत्तर सुचले नाही. तो माझ्याकडे आला, तेव्हा मलाही नीट सांगता आले नाही. म्हणून थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते आज आपणापुढे ठेवतो.

प्रथम जपानकडेच पाहू. कारण आपल्या औद्योगिक पट्ट्यात 'जपानी' या शब्दाला मोठा मान आहे. शॉपफ्लोअरवर कायझेन, कानबान, फाइव्ह एस हे शब्द आपली मुले रोज ऐकतात. परंतु या पद्धतींतही बाहेरून आलेले बरेच काही आहे. १९५० साली डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने जपानी अभियंत्यांना गुणवत्ता-नियंत्रणाचे धडे दिले. जपानने ते पचवले आणि १९५१ साली त्याच्याच नावाने पारितोषिक सुरू केले. कानबान पद्धत घडवणाऱ्या ताइइची ओनो यांना कल्पना सुचली ती अमेरिकेतील सुपरमार्केटवरून: गिऱ्हाइकाने जेवढे उचलले तेवढेच फळीवर पुन्हा भरायचे. उसने घेतले हे जपानने लपवले नाही, आणि घेतले ते जसेच्या तसे ठेवलेही नाही.

हे आजचेच नाही. जपानची लिपी चीनकडून आली. पावाला जपानीत 'पान' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांचा, आणि आपला 'पाव'सुद्धा त्यांचाच! जपानी मूल शाळेत जी अक्षरे घोकते त्यांचा क्रम असा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा जो अभ्यास केला, त्यातून तो आला आहे. आपल्या 'ध्यान' शब्दाचे चीनमध्ये 'चान' झाले आणि जपानमध्ये 'झेन'.

आणि खुद्द बौद्ध धम्म? सहाव्या शतकाच्या मध्यात कोरियातील बैक्जे राज्याच्या राजाने जपानच्या दरबारात बुद्धमूर्ती आणि ग्रंथ पाठवले. तेव्हा दरबारात दोन तट पडले. मोनोनोबे घराणे म्हणाले, परदेशी देवाला पूजले तर आपले देव कोपतील. सोगा घराणे धम्माच्या बाजूने उभे राहिले. पुढे लढाई झाली, ५८७ साली सोगा जिंकले. ६०४ साली राजपुत्र शोतोकु यांच्या सतरा कलमांत दुसरेच कलम त्रिरत्नांचा आदर करण्याचे आहे. ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, ते बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते. आज त्या बुद्धाला जपानमध्ये परका कोण म्हणेल?

मित्रहो, असे म्हणणारेही एकदा सत्तेवर आले होते. १८६८ साली मेइजी राजवटीने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करण्याचा हुकूम काढला. जे देशी तेवढेच शुद्ध, असे वारे सुटले. पुढच्या काही वर्षांत असंख्य विहार बंद पडले, मूर्ती फोडल्या गेल्या. गंमत अशी की, तेच सरकार त्याच काळात पाश्चात्त्यांचे कायदे, लष्कर, आगगाडी आणि दिनदर्शिका आयात करीत होते! शुद्धतेचे हे वेड पुढे सम्राटाला देव मानण्यापर्यंत आणि युद्धापर्यंत गेले. १९४३ साली तर बेसबॉलच्या खेळातले इंग्रजी शब्दसुद्धा शत्रूचे म्हणून काढून टाकले. शेवट काय झाला तो १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा-नागासाकीत जगाने पाहिला. त्यानंतरचे संविधान अमेरिकी अंमलाखाली लिहिले गेले, ३ मे १९४७ रोजी लागू झाले, आणि आजवर त्यात एकही दुरुस्ती झालेली नाही. जन्म परक्याच्या हातून, पण लोकांनी ते आपले केले.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, जपान हा सर्वार्थाने आदर्श देश आहे. नाही. आपणास विशेष ठाऊक असावी अशी दुसरी बाजूही आहे. जपानमध्येही अस्पृश्यता होती. मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे लोक गावाबाहेर राहत. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली कायद्याने त्यांची हलकी पायरी रद्द झाली, पण मनातून गेली नाही. अखेर ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना स्थापन केली. 'सुइहेइ' म्हणजे पाण्याची सारखी पातळी. त्यानंतर पाच वर्षांनी आपला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला! १९७५ साली उघडकीस आले की, बुराकु वस्त्यांच्या नावांची गुप्त यादी छापून विकली जात होती आणि अनेक कंपन्यांनी ती विकत घेतली होती, अशासाठी की त्या वस्तीतला उमेदवार नोकरीला लागू नये.

याहून दुःखाची गोष्ट पुढे आहे. तेराशे वर्षे धम्म असलेल्या या देशात विहारांनीही हा भेद पाळला. मृत्यूनंतर भिक्षूंनी दिलेल्या धम्मनामात काही ठिकाणी बुराकुमिनांसाठी 'पशू', 'हलका' अशा अर्थाची अक्षरे घातली गेली आणि ती थडग्यांवर कोरली गेली. मूर्ती पोहोचली, ग्रंथ पोहोचले, सुंदर विहार उभे राहिले. समता मात्र दाराबाहेर राहिली.

म्हणून मला वाटते, एखादी गोष्ट देशी की परदेशी, हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न असा की, ती माणसाला माणूस म्हणून उभे करते की खाली ढकलते? भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले: परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हिताचे आहे का ते स्वतः तपासा. अस्पृश्यता अस्सल देशी होती. तेवढ्यासाठी ती आपण जपायची काय?

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी हीच कसोटी लावली. संविधान उसनवारीचे आहे, या टीकेला त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत उत्तर दिले: उसने घेण्यात लाज नाही, संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचीही मालकी नसते. आणि १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. धम्मसुद्धा त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. वर्षानुवर्षे अभ्यासून, पारखून, बावीस प्रतिज्ञांसह १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपणास दिला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. होय, आपल्या शेजारच्या देहूरोड विहारातील मूर्ती रंगूनहून आली. २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः बाबासाहेबांनी तिची स्थापना केली. जी वाट या भूमीतून निघाली, तिनेच ती परत आली. होय, भदन्त सुरेई ससाई जपानचे. १९६० च्या दशकात ते नागपूरला आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. आणि २०१५ साली जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. कोण कोणाकडून घेत आहे, हे आता कोणी वेगळे करून दाखवावे!

विद्यार्थी मित्रहो, जपानी भाषा जरूर शिका. कायझेन शिका, त्यात पोट आहे आणि शिस्तही आहे. पण बुराकुमिनांचा इतिहासही वाचा. आणि आपल्या विहाराकडे त्याच नजरेने पाहा. आपल्यातही पोटजातीचे नाते पाहूनच सोयरीक जमवणारे आहेत. विहारात स्त्रियांना फक्त खीरदानापुरते बोलावणारे आहेत. तसे असेल तर मूर्ती कोठून आली, याने काय फरक पडतो?

कारखान्यातल्या त्या सोबत्याला एवढेच सांगा: "आमचं स्वतःचं काय? जे आम्ही पारखून घेतलं आणि जगून दाखवलं, ते आमचं." हे उत्तर तोंडाने देणे सोपे आहे; वागण्याने देण्याची जबाबदारी तुमची आणि माझी आहे.



भवतु सब्ब मंगलम्। जयभीम!