उत्तर सापडल्यानंतरचे शब्दकोडे



जवाहरनगर ही भंडारा जिल्ह्यातील आयुध निर्माणीची वसाहत. येथील एखाद्या घरात सकाळी वृत्तपत्र उघडले जाते, शब्दकोड्यात ‘शस्त्र, तीन अक्षरे’ असा संकेत दिसतो आणि पेन्सिल क्षणभरही अडखळत नाही. ‘आयुध’! निर्माणीच्या नावातच असलेला, रोजच्या परिचयाचा शब्द तो. तीन चौकोन भरले, कोडे पुढे सरकले. परंतु हाच शब्द पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त आहे, शस्त्रांवर उपजीविका करणाऱ्या संघांना तेथे ‘आयुधजीवी’ म्हटले आहे. ही हकिकत त्या तीन चौकोनांत मावत नाही. ती घरातल्या कोणी तरी सांगावी लागते, आणि शब्दकोड्याची खरी गोडी उत्तर सापडल्यानंतरच सुरू होते.

आजच्या रूपातील शब्दकोडे पाश्चात्त्यांकडून आले, हे मोकळेपणाने मान्य करावे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले. त्याचा आकार चक्क शंकरपाळ्यासारखा होता. लंडनच्या ‘टाइम्स’ने मात्र या नव्या छंदाला आपल्या पानांवर जागा द्यायला १९३० साल उजाडू दिले.

पुढे महायुद्धात या निरुपद्रवी खेळाने थेट हेरखात्याची झोप उडवली. १९४४ च्या मे महिन्यात ‘डेली टेलिग्राफ’च्या कोड्यांत ‘यूटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबेरी’ आणि १ जूनला ‘नेपच्यून’ अशी उत्तरे एकामागून एक आली. ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जी चढाई व्हायची होती, तिच्यासंबंधीचे हे अत्यंत गुप्त सांकेतिक शब्द! कोडे रचणारे लिओनार्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. अधिकारी त्यांच्या दारी आले, कसून विचारपूस झाली, निष्पन्न काहीच झाले नाही. चाळीस वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, गुरुजी रिकाम्या चौकोनांत शब्द भरण्याचे काम मुलांना देत आणि मुलांनी ते शब्द जवळच्या छावणीतील सैनिकांच्या तोंडून ऐकले होते. हा खुलासा सर्वांनाच पटलेला नाही. पण कामावरच्या गोष्टी कामावरच ठेवण्याची शिस्त ज्या वसाहतीत पिढ्यान् पिढ्या पाळली जाते, तेथे या प्रसंगाचे मर्म उलगडून सांगायला नको. याच वृत्तपत्राने जानेवारी १९४२ मध्ये बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची स्पर्धा घेतली होती. तिच्यातील काही जणांना नंतर ब्लेचली पार्क येथे शत्रूचे गुप्तसंदेश उलगडण्याच्या कामासाठी बोलावणे आले.

आता आपल्या परंपरेकडे वळावे. चौकोन आपले नसतील. पण शब्दांत अर्थ लपविण्याची आणि तो शोधण्याची हौस इथे फार जुनी आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचले, म्हणजे ज्यांच्या उच्चारात ओठ मिटतात अशी अक्षरेच त्यात वर्ज्य. ‘म’ हे तसेच एक अक्षर. तेव्हा रामायण लिहायचे आणि ‘राम’ असे म्हणायचे नाही! हे साधायला केवळ भक्ती पुरत नाही, शब्दसंग्रह लागतो.

हा छंद बक्षिसाच्या मोहाने बिघडलाही होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे मोठ्या रोख रकमांच्या कोडे-स्पर्धा देशभर फोफावल्या. एका जागी सारखेच योग्य वाटणारे दोन शब्द बसत आणि त्यांतला ‘बरोबर’ कोणता, हे संयोजकांनी आधीच ठरविलेले असे. १९५५ च्या पारितोषिक स्पर्धा कायद्याने अशा स्पर्धांतील महिन्याची एकूण बक्षिसे एक हजार रुपयांपर्यंत मर्यादित केली. त्याविरुद्धची चमरबागवाला खटल्यातील याचिका १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. हा कायदा जुगारी स्पर्धांपुरता लागू असून ज्यांत यश खऱ्या कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धांना तो लागू नाही, असे न्यायालयाने ठरविले. आजच्या दैनिक कोड्यात बहुधा दुसऱ्या दिवशीच्या उत्तराखेरीज काही मिळत नाही, हे उत्तमच झाले.

मराठी कोडे रचणाऱ्याची अडचण इंग्रजी रचनाकाराला ठाऊकच नाही. तिकडे एका चौकोनात एक सुटे मुळाक्षर. इकडे काना-मात्रा-जोडाक्षरांसह संपूर्ण अक्षर. ‘स्वातंत्र्य’ तीनच चौकोनांत बसते, पण शेवटच्या ‘त्र्य’ला छेदणारा उभा शब्द आणायचा कोठून? शोधू जाता हाती लागतो तो ‘पारतंत्र्य’! स्वातंत्र्य आणि पारतंत्र्य एकाच चौकोनात येऊन मिळावेत, ही गंमत आपल्या लिपीतच संभवते.

तसेच शब्दांच्या कुळांचे. दरमहा ज्याची वाट पाहिली जाते तो ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला. ‘चावी’ आणि ‘बटाटा’ त्याच गलबतातले. ‘महापौर’ मात्र स्वातंत्र्यवीर सावरकरांनी घडविला. आणि पक्ष्यांच्या वसाहतींसाठी ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे नेमके शब्द देणारे मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावच्या अरण्यात दीर्घकाळ काम केले. नवेगाव आज गोंदिया जिल्ह्यात असले, तरी १९९९ पर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होते. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. त्यांचे शब्द कोड्यांत येत राहतील की नाही, हे कोडे रचणाऱ्यांच्या वाचनावर अवलंबून आहे.

आणि खरी चिंता येथेच आहे. महानगरात रचलेल्या कोड्याला वैनगंगेकाठचे शब्द ठाऊक असतीलच असे नाही. बांध घालून पाणी अडवलेल्या धानाच्या शेताला झाडीपट्टीत ‘बांधी’ म्हणतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश परिश्रमपूर्वक सिद्ध केला. पण कोश कपाटात राहतो आणि कोडे रोज चहाबरोबर समोर येते. आजीला ठाऊक असलेला शब्द नातवाला कोणी विचारलाच नाही, तर तो आजीबरोबरच जातो. भ्रमणध्वनीवर उत्तर क्षणात मिळते खरे; पण भ्रमणध्वनीला तरी हा शब्द सांगणार कोण?

तेव्हा कोडी सोडवणाऱ्यांनी आता रचायलाही बसावे. सात आडवे, सात उभे चौकोन आखावेत. सर्वांत लांब शब्द आधी मध्यभागी ठेवावा, त्याला छेदणारे शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावेत, जमत नाही तेथे चौकोन काळा करावा. संकेत लहान असावा आणि त्यात लबाडी नसावी. पुसायला खोडरबर जवळ ठेवावे. ते बरेच लागते.

पहिला संकेत येथेच देऊन ठेवता येईल. आडवा शब्द, दोन अक्षरे: धानाला पाणी देण्यासाठी शेतालगत बांधलेला लहान तलाव. पहिले अक्षर ‘बो’.