संगणक-पदवीधर आणि ‘रोजगारक्षमते’चा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



संगणकशास्त्राचा पदवीधर नोकरीस लायक नाही, ही उद्योगपतींची तक्रार जुनी आहे. २००५ साली नॅसकॉम व मॅकिन्झी यांच्या अहवालाने अभियांत्रिकी पदवीधरांपैकी सुमारे २५ टक्केच तरुण या उद्योगाच्या उपयोगाचे ठरविले. २०१७ साली ॲस्पायरिंग माइंड्स या कंपनीने ३६ हजारांवर विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि त्यांतील ५ टक्क्यांहूनही कमी जणांना प्रोग्रॅमची तार्किक मांडणी बिनचूक करता येते, असे जाहीर केले. अशा चाचण्या विकणे हाच या कंपनीचा धंदा होता, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचला पाहिजे.

तथापि एवढ्यावरून ही तक्रार म्हणजे भांडवलदारांचा कांगावा, असे म्हणून मोकळे होणे चळवळीला परवडणारे नाही. प्रात्यक्षिकांची जर्नले एकमेकांची पाहून उतरविली जातात, प्रोग्रॅम पाठ करून कागदावर लिहिले जातात, अखेरच्या वर्षाचा प्रकल्प बाजारात तयार मिळतो, हे महाविद्यालयांशी संबंध असलेल्या कार्यकर्त्यांना विदित आहे. सुस्थितीतील मुलगा ही उणीव खासगी क्लास लावून भरून काढतो. शेतमजुराच्या मुलीची मात्र तीन-चार वर्षे आणि बापाने काढलेले कर्ज, दोन्ही वाया जातात.

याचे कारण अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत शोधण्यापूर्वी पैशाच्या व्यवहारात शोधावे लागेल. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले. पुढे विज्ञान महाविद्यालयांतील संगणकाचे वर्गही बहुतांशी त्याच तत्त्वावर निघाले. परिणामी एकाच इमारतीत रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला शासकीय वेतनश्रेणी मिळते, तर संगणक शिकविणारा तासिका तत्त्वावर राबतो. ज्याला प्रोग्रॅम उत्तम लिहिता येतो तो अशा मोबदल्यावर टिकत नाही. जो टिकतो त्याला पुढील वर्षाची शाश्वती नसते. अशा स्थितीत विद्यापीठाने कितीही वेळा अभ्यासक्रम बदलला, तरी तो वर्गात पोहोचणार कसा?

आता दुसरी बाजू. ज्या वस्तूची टंचाई असते तिची किंमत चढते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम होय. कुशल पदवीधरांची खरोखरच एवढी टंचाई असती, तर त्यांचे वेतन वाढावयास हवे होते. प्रत्यक्षात मोठ्या सेवा-कंपन्यांत नवशिक्याचे वार्षिक वेतन सुमारे दीड दशक ३ ते ४ लाख रुपयांच्या आसपासच घुटमळले. महागाई हिशेबात धरता ते घटलेच. तेव्हा उद्योगाला हवा आहे तो त्याच किमतीत तयार मिळणारा कामगार. त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च मात्र पालकांनी व विद्यापीठांनी सोसावयाचा. शिवाय २०२५ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत मधल्या व वरच्या पदांवरील माणसे प्रामुख्याने होती. त्यांच्या रोजगारक्षमतेवर तर कंपनीनेच वर्षानुवर्षे शिक्कामोर्तब केले होते.

सबब कंपन्यांच्या आजच्या गरजेबरहुकूम अभ्यासक्रम आखणे हे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही. पास्कल मागे पडली, सी आली, मग जावा व पायथॉन आल्या. डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम व डेटाबेस यांची मूलतत्त्वे टिकून राहिली. ती पक्की असलेला तरुण नवी भाषा थोड्या काळात आत्मसात करतो. आता तर साधे प्रोग्रॅम यंत्रच लिहून देऊ लागले आहे. म्हणून दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचणे, तपासणे व त्यातील दोष हुडकणे यांचे शिक्षण अधिक निकडीचे झाले आहे. परीक्षा कागदावर न होता संगणकावर, परीक्षकासमोर व्हावी. प्रकल्पाचे विषय गावची पतसंस्था, दूध संघ, प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधसाठा यांतून यावेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने श्रम आणि विद्या यांची सांगड महाराष्ट्राला घालून दाखविली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता प्रत्यक्ष कार्यानुभव अभ्यासक्रमात आला आहे. पण मोबदल्याविना तो केवळ वेठबिगारी ठरेल.

यास्तव तीन मागण्या पुढे आल्या पाहिजेत. संगणकशास्त्राच्या वर्गांना अनुदान व कायम शिक्षक मिळावेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या धर्तीवर कार्यानुभवाच्या काळात विद्यावेतन सक्तीचे व्हावे. अभ्यासक्रम ठरविताना कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबरच विद्यार्थी व या उद्योगातील कामगार संघटना यांनाही स्थान असावे.

त्यासाठी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टींची माहिती लेखी मागावी: संगणकाचे कायम शिक्षक किती, चालू स्थितीतील संगणक किती, आणि कार्यानुभवासाठी गेलेल्या किती विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळाले. ही उत्तरे विद्यापीठाच्या अधिसभेतील सदस्यांच्या हाती अर्थसंकल्पी बैठकीपूर्वी पोहोचली पाहिजेत. विद्यार्थ्याला नालायक ठरविणाऱ्यांना तेथे प्रथम या आकड्यांना उत्तर द्यावे लागेल.