तालीम : स्पार्टाची, अथेन्सची आणि आपली



प्राचीन ग्रीकांचे लष्करी शिक्षण हा विषय आम्ही कळविला, तेव्हा काहींनी विचारले की, बऱ्हाणपुरात ग्रीस कोठून आले? उत्तर एका शब्दात आहे. आमच्या घरी उर्दूत ‘तालीम’ म्हणजे विद्या. तोच शब्द मराठीत उच्चारला की लाल मातीचा हौद आणि दंडबैठका डोळ्यांपुढे येतात. ग्रीकांच्या ‘जिम्नॅशियम’ची गत नेमकी उलट. मूळ अर्थ व्यायामशाळा. पण जर्मनीत त्या शब्दाने माध्यमिक शाळा ओळखली जाते. प्लेटोची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचे लायसियम ही विद्यापीठे अथेन्सच्या वेशीबाहेरील अशा आखाड्यांतच वाढली.

स्पार्टाची गोष्ट मात्र निराळी. तेथे मूल सात वर्षांचे झाले की आईच्या कुशीतून उठून सरकारी पथकात जाई. अनवाणी चालायचे, वर्षाला एकच वस्त्र, निजायला नदीकाठच्या लव्हाळ्याचे अंथरूण. जेवण मुद्दाम अपुरे. चोरून खावे, पण सापडल्यास फटके, आणि तेही चोरीबद्दल नव्हे, सापडल्याबद्दल! लिहिणेवाचणे कामापुरते. लग्न झाले तरी तिशीपर्यंत मुक्काम सोबत्यांच्या बराकीत. मुलींनाही धावणे, कुस्ती शिकवीत, हे त्या काळी नवलच. हा सारा खटाटोप कशासाठी? नागरिक थोडे, आणि त्यांची शेते कसणारे हेलॉट नावाचे गुलाम कितीतरी अधिक. या गुलामांविरुद्ध दरवर्षी रीतसर युद्ध पुकारले जाई. स्पार्टाच्या शौर्याचे गोडवे गाणारे हे पान बहुधा उलटून जातात.

इ. स. पूर्व 371 मध्ये ल्यूक्ट्रा येथे थीबीजच्या सैन्याने स्पार्टाचा मोड केला. ॲरिस्टॉटलने त्याचे मर्म सांगितले आहे : इतर लोक सराव करीत नव्हते तोवर स्पार्टन सरस, इतरांनी सराव सुरू करताच ते मागे पडले. लढाईत टिकले, पण शांततेत कसे जगावे ते त्यांना कोणी शिकविलेच नव्हते.

अथेन्समध्ये अठराव्या वर्षी दोन वर्षांचे शिक्षण असे. पहिल्या वर्षी कवायत, मग सरकारकडून ढाल-भाला आणि सीमेवर पहारा. पुढे ही सक्ती सुटली, मुदत घटली आणि तत्त्वज्ञानाची व्याख्यानेही त्यात आली. आम्हांस हाच नमुना अधिक पटतो.

आपल्या देशात 1948 साली राष्ट्रीय छात्रसेना निघाली. 1962 च्या युद्धानंतर ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि 1968 साली पुन्हा ऐच्छिक. देशातील पहिली सैनिक शाळा 23 जून 1961 रोजी साताऱ्यात उघडली; आपल्या प्रांतातील रीवा येथील 1962 साली. मुलींना ही दारे फार उशिरा उघडली : 2021-22 पासून सर्व सैनिक शाळांत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली.

असीरगडाच्या सावलीत राहणाऱ्यांस फौजेचे अप्रूप नाही. अकबराने तो किल्ला 1601 साली घेतला, तेव्हापासून येथे छावण्याच छावण्या. पण यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या बापाला सैनिक शाळेची वाट कोण दाखवणार? सहावीची प्रवेशपरीक्षा 10 ते 12 वर्षांच्या मुलामुलींसाठी असते. गणित, भाषा, सामान्यज्ञान, बुद्धिमत्ता एवढेच विषय. आणि ती मराठीतून देता येते, उर्दूतूनही. हे आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे? रीवा दूर आहे, शुल्कही हलके नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरतानाच कित्येकजण थकतात.

तेव्हा विश्वस्तांना आमची विनंती एवढीच की, ट्रस्टने एक खोली आणि संध्याकाळचे दोन तास द्यावेत. गणित आम्ही शिकवू. फॉर्म भरून देण्यास दोघे तरुण पुढे यावेत, आणि पहिल्या यादीत मुलींची नावे अवश्य असावीत.