राजवाड्याचे अंगण आणि जनतेचा पैसा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानातील काही भाग)



कलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी आयुष्यभर सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकवली. म्हणून पॅरिसमधील एका अंगणाची हकीकत मी जमाखर्चाच्या अंगानेच सांगणार आहे.

पाले-रोयाल हा सतराव्या शतकात कार्डिनल रिशल्यूसाठी बांधलेला प्रासाद; त्याच्या मृत्यूनंतर तो राजघराण्याकडे गेला. त्याच्याच बागेत १२ जुलै १७८९ रोजी कामीय देमुलाँने जनतेला शस्त्र उचलण्याची हाक दिली आणि दोन दिवसांनी बास्तीय पडला. पुढे तेथे सरकारी कचेऱ्या आल्या आणि प्रासादाचे मुख्य अंगण मोटारी उभ्या करण्याचा तळ बनले. त्या मोटारींविरुद्ध वारशाच्या नावाने कोणी लढा उभारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

१९८१ साली समाजवादी पक्षाचे मित्तराँ अध्यक्ष झाले. त्यांचे संस्कृतिमंत्री झाक लांग यांनी दानिएल ब्यूरेन या कलावंताकडे हे अंगण सोपवले. सुमारे तीन हजार चौरस मीटर जागेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, कमीअधिक उंचीचे २६० खांब आणि जाळीखालून वाहणारे पाणी, अशी ती योजना होती. तिच्यावर वादळ उठले. वृत्तपत्रांनी मोहीम उघडली, प्रकरण न्यायालयात गेले, कामाभोवतीच्या कुंपणावर लोकांनी आपली मते लिहून काढली. मार्च १९८६ मध्ये उजव्या पक्षांची सत्ता आली. तथापि नवे मंत्री लेओतार यांनी अखेर काम पुरे होऊ दिले.

येथे आपण दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहिले पाहिजे. पूर्वी ते अंगण मूठभरांच्या मोटारींचे होते. आज कोणाचेही मूल तिकीट न काढता त्या खांबांवर चढून बसते. मालकीचा हा बदल मला खांबांच्या सौंदर्याहून महत्त्वाचा वाटतो. परंतु निर्णय वरून आला, हेही खरे. लोकांना आपले म्हणणे कुंपणावर लिहावे लागते, याचा अर्थ ते मांडण्याची दुसरी जागा त्यांना पुरेशी मिळाली नव्हती. समाजवादी मंत्र्याने केले म्हणून हा दोष क्षम्य ठरत नाही.

दुसरा धडा खर्चाचा आहे. पुढे देखभालीची हेळसांड झाली. पाणी वाहेनासे झाले, दिवे विझले. २००७ च्या अखेरीस खुद्द ब्यूरेनच म्हणू लागले की, हे असे ठेवण्यापेक्षा पाडून टाका. तेव्हा कोठे दुरुस्ती हाती घेतली गेली आणि जानेवारी २०१० मध्ये अंगण पुन्हा नीट खुले झाले. भांडवली खर्चाची कोनशिला बसते. देखभालीच्या तरतुदीचे उद्घाटन कोणी करीत नाही. म्हणूनच अंदाजपत्रकात पहिली कात्री तिलाच लागते.

तेव्हा तुमच्या नगरपालिकेत पुतळ्याचा, उद्यानाचा वा कलाकृतीचा ठराव येईल, त्या दिवशी सभागृहात दोन प्रश्न अवश्य विचारा. ज्यांच्या अंगणात हे उभे राहणार, त्यांना कोणी विचारले आहे काय? आणि दहाव्या वर्षी त्याची निगा राखण्यासाठी पैसा कोणत्या सदराखाली ठेवला आहे?