रेषेची आतली बाजू
(भाषणाचा मजकूर)



बडोदे जिल्ह्यातील सावली हे गाव मराठ्यांच्या इतिहासात पिलाजीराव गायकवाड यांच्या नावाशी निगडित आहे. १७३२ मध्ये डाकोर येथे त्यांची हत्या झाली आणि त्यांचे अंत्यसंस्कार सावली येथे करण्यात आले. पुढे ज्या बडोदे संस्थानात सावलीचा अंतर्भाव होता, त्याचा मुलूख सलग नव्हता. प्रांत विखुरलेले होते. मधून इंग्रजी अंमलाचे जिल्हे व अन्य संस्थाने पसरली होती. अशा मुलखाच्या नकाशात नुसती सीमारेषा पुरत नाही. रेषेच्या कोणत्या बाजूस कोणाचा अंमल, हे रंग भरूनच दाखवावे लागते. १९४९ मध्ये हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून सावली गुजरात राज्यात आहे. रेषा आणि रंग यांचा हा प्रश्न मात्र संगणकाच्या पडद्यावर आजही तसाच उभा राहतो.

शाळेत 'य = २क्ष + ३' यासारखे समीकरण शिकविले जाते. क्षची किंमत घातली की यची किंमत मिळते. बिंदू मांडावेत, जोडावेत, आलेख तयार. परंतु 'क्ष² + य² = २५' या वर्तुळाचे तसे नाही. येथे य वेगळा काढलेला नाही आणि क्षच्या एका किमतीस यच्या दोन किमती संभवतात. अशा वक्रास अव्यक्त वक्र म्हणतात.

संगणक तो कसा काढतो? तो पडद्यावर बारीक चौकटींची जाळी कल्पितो आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर 'क्ष² + य² − २५' या राशीची किंमत काढतो. एका कोपऱ्यावर ती ऋण आणि शेजारच्या कोपऱ्यावर धन आली, की वक्र त्या दोहोंमधून गेला असला पाहिजे. ऋण किमतीची सर्व बाजू रंगविली की वर्तुळाचे अंतरंग छायांकित होते. बालभारतीच्या इयत्ता नववीच्या पुस्तकात ज्या जिओजेब्रा आज्ञावलीचा उल्लेख आहे, तिच्यात समीकरणाऐवजी 'क्ष² + य² ≤ २५' ही असमानता लिहिली तरी हे काम होते. मात्र क्ष व य यांच्या जागी तेथे इंग्रजी अक्षरे टंकावी लागतात.

याचा गावाशी संबंध काय? महाराष्ट्रात १९९३ च्या भूजलविषयक कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. पुढे या विषयावर २००९ चा व्यापक अधिनियम आला. हे ५०० मीटर म्हणजे एक वर्तुळच होय. गावची विहीर आरंभबिंदू मानली, तर 'क्ष² + य² < २,५०,०००' हे निर्बंधाचे क्षेत्र ठरते. विहिरीपासून ३०० मीटर पूर्वेस व ३९० मीटर उत्तरेस असलेली जागा या क्षेत्रात येते, कारण वर्गांची बेरीज २,४२,१०० होते. ३०० व ४०० मीटरवरील जागा नेमकी रेषेवर पडते. ती आत धरावी की बाहेर, हे '<' आणि '≤' या चिन्हांतील फरकावर अवलंबून असते. म्हणून नियमातील शब्द काळजीपूर्वक वाचूनच चिन्ह लिहावे.

गावात अशा दोन विहिरी एकमेकींपासून ६०० मीटरवर असतील, तर अधिक सावध राहावे लागते. दोन्ही राशींचा गुणाकार करून ऋण भाग रंगविण्याची युक्ती काही जणांना सोयीची वाटते. ती फसवी आहे. दोन्ही विहिरींच्या मधोमध, प्रत्येकीपासून ३०० मीटरवर असलेल्या शेतात दोन्ही राशी ऋण असतात. त्यांचा गुणाकार धन होतो आणि ते शेत कोरे राहते. ज्या भूमीला दोन्ही विहिरींचे संरक्षण लागू होते, तीच चित्रात मोकळी दिसते! तिथे नवी विहीर खोदली गेली, तर उन्हाळ्यात दोन्ही पाणवठ्यांना झळ पोहोचू शकते. 'पहिल्या वर्तुळात अथवा दुसऱ्या वर्तुळात' अशी अट लिहिणे, हाच योग्य मार्ग होय.

रंगविलेले चित्र कचेरीतील भिंतीवर लागले, की ते निर्णयासारखे दिसू लागते. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना रंगलेल्या भागातील एक बिंदू व कोऱ्या भागातील एक बिंदू घेऊन किंमत हाताने काढावयास लावावी. दोन वर्तुळे असतील, तेथे दोहोंत सामाईक असलेल्या भागातील बिंदूही तपासावा. अधिकाऱ्यांनी चित्रास प्रत्यक्ष मोजणीची जोड द्यावी. ग्रामस्थांनीही आपले शेत कोणत्या बाजूस पडते, हे निःसंकोच विचारावे.

१९०६ मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. रयतेला स्वतःचा कागद स्वतः वाचता यावा, हे अशा शिक्षणाचे एक मोठे फळ. आज त्या कागदांत नकाशाचीही भर पडली आहे. त्यातील रंग कोणत्या अटीने भरला, हे ज्याला विचारता येते, तो आपल्या विहिरीचे रक्षण करू शकतो.