उचलीच्या वहीतल्या बायका

(संघटनेच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेला जाऊन आले म्हटल्यावर सगळ्यांनी न्यूयॉर्कचं विचारलं. मला मात्र सांगायचंय न्यू बेडफर्डविषयी. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे बंदराचं शहर. अभ्यासदौऱ्यात दोन दिवस तिथं होते. धक्क्यावर मासळी, डिझेल आणि ओल्या दोरांचा वास आला आणि मिरकरवाड्यातच उभी आहे असं वाटलं.

एकोणिसाव्या शतकात हे शहर देवमाशांच्या शिकारीवर गब्बर झालं. देवमाशाच्या तेलावर दिवे जळत, यंत्रं फिरत. त्याच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या बायकांच्या कंबरा आवळणाऱ्या कॉर्सेटमध्ये जात. (म्हणजे यातही आपण होतोच!) १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि पुढे हा धंदा बसत गेला.

तिथं खलाशांचं एक प्रार्थनाघर आहे, १८३२ मध्ये बांधलेलं. भिंतींवर संगमरवरी पाट्या : अमुक खलाशी, अमुक वय, अमुक समुद्रात गेला. वाचताना घसा दाटून येतो. पण पाट्यांवर भेटतात ते पुरुष. घरी राहिलेल्या बायका कुठं सापडतात? जहाजाच्या हिशेबात!

हे जरा नीट सांगते. जहाज तीन-चार वर्षं परतत नसे. खलाशाला ठरलेला पगार नाही. आलेल्या तेलात त्याचा हिस्सा. साध्या खलाशाला दीडशे-दोनशे भागांतला एखादा भाग. निघताना कपडे-बूट उधारीवर, आणि ही उचल हिश्शातून कापायची. मागं बायकोला भाडं भरायचं, पोरं जगवायची. मग ती जहाजाच्या एजंटाच्या दारात जाई. त्याच्या मनात आलं तर पैसे देई, आणि ते नवऱ्याच्या नावे मांडे. तिनं शिवणकाम केलं, भाडेकरू ठेवले, त्याची नोंद त्या वहीत कशी असणार? शिवाय १८५५ पर्यंत त्या राज्यात विवाहितेची कमाई कायद्यानं नवऱ्याचीच होती. चार वर्षं घर चालवणारी बाई कागदावर फक्त उचलीपुरती.

याच शहरात १८३८ मध्ये ॲना मरे आली. बाल्टिमोरची स्वतंत्र काळी स्त्री, घरकाम करून पैसे साठवणारी. तिच्याच मदतीनं फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळाला. न्यू बेडफर्डमध्ये त्याला जहाजाच्या फटी बुजवण्याचं त्याच्या हातचं काम गोऱ्या कारागिरांनी करू दिलं नाही. मग त्यानं पडेल ती मजुरी केली आणि तिनं घर सांभाळून घरकामाची कष्टाची कामं केली. त्याचं नाव जगाला माहीत आहे. तिच्याविषयी मुलीनं, रोझेटानं, पुढं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं.

संग्रहालयात जहाजाची भलीमोठी प्रतिकृती आहे, तिच्यावर चढता येतं. सगळे फोटो काढत होते. माझ्या डोक्यात मात्र आपल्या खलाशाची बायको, गेल्या वर्षी कार्यालयात आलेली. पावसाळी बंदीत नवऱ्यानं उचल घेतलेली, हंगाम सुरू झाल्यावर तो बोटीवर. पोराच्या औषधाला पैसे मागायला ती मालकाकडं गेली तर उत्तर मिळालं, "तो येऊ दे वहिनी, मग हिशेब बघू." उचल किती, फिटली किती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगते, मी तेव्हा औषधाचे पैसे जमवून दिले आणि गप्प बसले. हिशेब बघायला तिच्याबरोबर गेले नाही. तेवढं चुकलंच माझं.

परत आल्यावर तिला भेटले. म्हटलं, चल, वही बघू या. ती म्हणाली, "ताई, मी एकटी नाही येणार. वाडीतल्या सात जणी आहेत, सगळ्यांच्याच उचली आहेत." येत्या बुधवारी सकाळी दहाला आम्ही निघतोय. ज्यांना जमेल त्यांनी या. येताना कोरी वही आणि पेन आणा; आकडे आपणच उतरवून घेणार आहोत.